दाढ नव्हे, जबडा दुखतोय!

मंडळी, भाकरीचा घास चावताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज होतो का? सकाळी उठावं तो जबडा आखडलेला, जांभई द्यावी तो कानशिलापर्यंत कळ. कोणी म्हणतं कान दुखतोय, तेल घाला. कोणी म्हणतं दाढ किडली, काढून टाका. दाढ काढूनही होते, आणि चार दिवसांनी पुन्हा तीच कळ! चांगली दाढ गेली, दुखणं मात्र राहिलं.

मग दुखतं तरी काय? दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटांखाली हलतो तो जबड्याचा सांधा. कवटीच्या खोबणीत खालच्या जबड्याचं टोक बसलेलं असतं; मध्ये एक लहानशी चकती असते. हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि पुढेही सरकतो. चकती जागची सरली की ‘कट्’ वाजतं. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर भिण्याचं कारण नाही.

पुष्कळदा दुखतात ते या सांध्याला हलवणारे स्नायू. झोपेत दात खाणं, सारखी सुपारी चघळणं, एकाच बाजूनं चावणं, काळजीत दात आवळून बसणं, यांमुळे त्यांना विसावाच मिळत नाही. आपण ‘दातओठ खाऊन’ काम करतो म्हणतो ना, ते खरोखरीच करू नये! वरच्या-खालच्या दातांची गाठ पडावी ती चावताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे असावेत. गुरुजी, तासाची घंटा झाली की स्वतःला विचारा, ‘दात सुटे आहेत ना?’ शेतकरीदादांनी औत वळवताना हेच आठवावं.

दुखणं वाढलं की काही दिवस मऊ खावं. मऊ भात, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी चालेल. ऊस दातांनी सोलू नये. सुपारी बंदच करावी. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार वासत नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात फडकं पिळून दिवसातून दोन-तीन वेळा 10-15 मिनिटं शेकावं. मग दुखणार नाही इतपतच तोंड हळूहळू उघडावं, मिटावं. कोणाकडूनही जबड्याला हिसका देववू नका. झोपेत दात खाणाऱ्यांना दातांचे डॉक्टर रात्री दातांवर बसवायची पट्टी करून देतात. हे दुखणं महिनोन्‌महिने येतं-जातं, म्हणून धीर सोडू नये. बहुतेकांना शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो.

पण चार गोष्टी घरी अंगावर काढू नयेत. सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागलं, तिखट झोंबू लागलं, तर तो निराळा रोग. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. आपली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहा. जखमेनंतर दातखीळ बसू लागली, तर धनुर्वाताची शंका घ्या. जबड्याबरोबर छातीत दुखून घाम फुटला, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. सूज आणि ताप असेल, तर दातामुळे पू झालेला असू शकतो. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.

बाकी रोजच्या कळीवर पहिला उपाय आपल्याच हाती आहे. हे वाचताना तुमचे दात आवळलेले आहेत का? असतील तर आत्ताच सैल सोडा.