रिकाम्या जागा भरा!

दोस्तांनो, वेबपानाच्या साच्यात 'तुम्हाला …… पत्रे आली आहेत' असं लिहून ठेवलं की काम झालं? छे! आकडा 1 आला की हवं 'पत्र आले आहे'. म्हणजे मराठीला दोन वाक्यं लागतात, जपानीला एकच पुरतं. रशियनची तऱ्हाच न्यारी : 2 ला एक रूप, 5 ला दुसरं अन् 21 ला चक्क 1 चंच! अरबीत तर सहा प्रकार सांभाळावे लागतात. म्हणून साच्यात नुसती खूण ठेवतात. पूर्ण वाक्यं प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलीत असतात. आकडा बघून संगणक त्यातलं योग्य ते उचलतो.

आपल्या मराठीत आणखी एक खोच आहे. '…… आला आहे' या जागेत सुनीताचं नाव पडलं तर? ती मुलगी आहे, हेही साच्याला आधी कळवावं लागतं.