बदली यंत्र आणि सामाईक कोठार



ज्याची उमर तारापूरच्या कारखान्यांतील हजेऱ्या, पगारपत्रके आणि फंडाचे हिशेब तपासण्यात गेली, त्या माणसाने सर्व्हरविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. परंतु हजेरी वहीतून उठून संगणकात गेली, तेव्हा तिच्यामागोमाग मलाही तेथे जावे लागले. कामगाराचे आठ तास ज्या पेटीत आकडे होऊन पडतात ती पेटी कशी चालते आणि कशी बंद पडते, हे ज्याला ठाऊक नाही तो वाटाघाटीला बसला तरी हात बांधूनच बसतो. जे मी समजून घेतले ते समोर बसलेल्या संगणक-विभागातील तरुणांपुढे ठेवतो. चुकलो तर त्यांनी खुशाल टोकावे.

पूर्वी कारखान्यात प्रत्येक कामाला एक सर्व्हर असे. हजेरीला एक, पगाराला एक, भांडाराला एक. बहुतेक वेळ ही यंत्रे रिकामीच बसत, वीज मात्र सगळी खात. यावर उपाय असा, की एका दणकट यंत्रावर हायपरव्हायजर नावाची आज्ञावली बसवायची आणि तिने मुकादमासारखे स्मृती व प्रक्रियाशक्ती यांचे वाटप करून त्या एकाच यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवायची. प्रत्येक आभासी यंत्राला वाटते, सारे घर आपलेच. ही युक्ती आजची नव्हे. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती साधली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. साध्या सर्व्हरांसाठी व्हीएमवेअरचे ईएसएक्स २००१ मध्ये आले, झेन २००३ मध्ये. लिनक्समध्ये केव्हीएम २००७ साली समाविष्ट झाले आणि मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही २००८ साली निघाले.

यातली खरी मेख निराळी आहे. आभासी यंत्राची तबकडी म्हणजे अखेर एक फाइल होय. फाइल उचलून दुसऱ्या यंत्रावर चालविता येते. म्हणजे मूळ यंत्र मेले तरी त्याच्यावरची आभासी यंत्रे दुसरीकडे उभी करता येतील. अट एवढीच, की ती फाइल मेलेल्या यंत्राच्या पोटात अडकून पडलेली नसावी. म्हणून तबकड्या यंत्रांबाहेर काढून एका सामाईक कोठारात ठेवतात आणि दोन किंवा अधिक यंत्रे त्या कोठाराला जोडतात. अशा जुळणीला क्लस्टर म्हणतात. एक पडल्यावर दुसऱ्याने काम उचलणे म्हणजे फेलओव्हर. आपल्या भाषेत बोलायचे तर बदली कामगार पाळीवर आला.

परंतु बदली कामगार पाळीवर येतो तो ताजा येतो, आधीच्या माणसाच्या मनात काय चालले होते ते त्याला ठाऊक नसते. येथेही तसेच. तबकडीवर उतरले होते तेवढे वाचते. स्मृतीत होते ते जाते. आभासी यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मध्ये काही मिनिटे जातात. चालू यंत्र न थांबविता इकडून तिकडे नेण्याचीही सोय असते, पण ती नियोजित दुरुस्तीसाठी. अचानक मेलेल्या यंत्रातून काही हलविता येत नाही. विक्रेते हा भेद सांगताना आवाज हळू करतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट साध्या बेरजेची. दोन यंत्रांत प्रत्येकी १२८ जीबी स्मृती आहे आणि प्रत्येकावर ९० जीबीचा भार घातला आहे, असे धरा. एक पडले तर १८० जीबी १२८ मध्ये कशी मावणार? दोन यंत्रांच्या जुळणीत प्रत्येकाने अर्ध्याहून कमी भार घ्यावा, तीन असतील तर दोन-तृतीयांशाहून कमी. परंतु व्यवस्थापनाला अर्धे यंत्र रिकामे दिसले की ते भरून टाकावेसे वाटते. खात्यातला जादा माणूस त्यांना जसा सलतो तसेच हे आहे. मग बदली केवळ कागदावर उरते.

आता दुसरे यंत्र मेले आहे हे पहिल्याला कळते कसे? दोघे एकमेकांना दर थोड्या वेळाने जिवंतपणाची खूण पाठवितात. तिला हार्टबीट म्हणतात. खूण थांबली की समोरचा गेला असे समजायचे. पण दोघेही जिवंत असून मधली तारच तुटली तर? दोघांनाही वाटेल की दुसरा मेला, दोघेही तीच फाइल उघडून तिच्यात लिहू लागतील आणि तिचा चेंदामेंदा होईल. संघटनेत फूट पडली की दोन कार्यकारिणी एकाच इतिवृत्ताच्या वहीत आपापले ठराव लिहू पाहतात, ते मी पाहिले आहे. त्यावर आपण जो उपाय करतो तोच येथे आहे: गणपूर्ती. दोनच मते असतील तर बहुमत ठरत नाही, म्हणून तिसरे मत एका साक्षीदार तबकडीला किंवा तिसऱ्या यंत्राला देतात. ज्याच्या बाजूला बहुमत त्याने चालवावे, दुसऱ्याने गप्प बसावे. शिवाय चालविणाऱ्याने काम हाती घेण्यापूर्वी दुसऱ्याची वीज तोडण्याची व्यवस्था असते. फिटर यंत्रात हात घालण्यापूर्वी फ्यूज काढून खिशात टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

इतके सारे केल्यावरही घात कोठे होतो, याचे मोठे उदाहरण मुंबईत घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. बाजाराने नंतर जे निवेदन दिले त्यावरून दिसते ते असे. मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात. जवळच दुसरे केंद्र. प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकदमच लिहावयाची असेल तर अंतर थोडे असावे लागते. फार लांब गेले की पोच येण्यास वेळ लागतो. या दोन केंद्रांमधील दूरसंचाराचे दुवे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, तरी रस्त्याच्या खोदकामामुळे दोन्हींत बिघाड झाला आणि मुख्य केंद्रातील सर्व्हरांना तेथलीच सामाईक साठवण दिसेनाशी झाली. सौदे जुळविणारी यंत्रणा शाबूत होती; पण जोखीम मोजणारी व्यवस्था बंद पडली आणि तिच्यावाचून सौदे चालू ठेवणे धोक्याचे, म्हणून बाजार थांबवावा लागला. लांबचे पर्यायी केंद्र चेन्नईस होते. त्या दिवशी कारभार तिकडे हलविला गेला नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम केला, की महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास तीस मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी आणि घोषणेपासून पंचेचाळीस मिनिटांत काम पूर्ववत करावे. म्हणजे यंत्राइतकाच प्रश्न निर्णय कोणी घ्यायचा याचाही होता.

दोन कंपन्या, दोन तारा, पण खोदकामाने दोन्ही जायबंदी. जे दोन दिसते ते खरोखर दोन आहे काय, हा प्रश्न आपल्या दारातल्या अणुवीज केंद्रालाही विचारावा लागला होता. तेथील पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी उत्पादनास लागले. संकटकाळची डिझेल जनित्रे दोन्ही संचांना सामाईक होती. २००५-०६ च्या नूतनीकरणात त्यांच्या जागी पूर्ण क्षमतेची तीन नवी जनित्रे बसविण्यात आली आणि दोन्ही संचांचा वीजपुरवठा परस्परांपासून विलग करण्यात आला. उलट जपानात फुकुशिमा येथे मार्च २०११ मध्ये जनित्रे पुष्कळ होती, पण बहुतेक सखल जागी. त्सुनामीच्या पाण्याने एक वगळता सारी निकामी झाली.

आता आमच्या घरचे सांगतो. एका कारखान्यात दोन नवे सर्व्हर, एक सामाईक पेटी, असा थाट होता. पेटीतल्या तबकड्या अशा बांधलेल्या, की एक गेली तरी माहिती वाचावी. एक गेली. तांबडा दिवा नऊ दिवस लुकलुकत होता. नव्या तबकडीच्या खरेदीचा कागद तीन टेबलांवर फिरत होता. शेवटी ती आली, माहितीची पुनर्रचना सुरू झाली आणि त्या ताणात दुसरीही गेली. दोन्ही सर्व्हर ठणठणीत, कोठार रिकामे. राखीव प्रतीही त्याच पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलेल्या! तीन महिन्यांच्या जादा कामाची नोंद नाहीशी झाली. दुप्पट दराचे पैसे मागणाऱ्या कामगारांना पुरावा आणा असे सांगण्यात आले. काही पोरांनी खिशातल्या वहीत तास टिपून ठेवले होते म्हणून आम्हाला निदान भांडता आले. बाकीच्यांना सरासरीवर समाधान मानावे लागले.

ठपका आला तो कंत्राटावरच्या संगणकवाल्या तरुणावर. तो आमचा सभासद नव्हता. साहेबांच्या मजल्यावर बसणारा म्हणून आमचीच माणसे त्याच्याशी फटकून वागत. परंतु त्याने दिवा लागल्याच्या पहिल्याच दिवशी लेखी कळविले होते, आणि वेगळ्या इमारतीत प्रत ठेवण्याची मागणी त्याआधी दोनदा केली होती. ते तिन्ही कागद घेऊन आम्ही चौकशीला बसलो. दीड महिन्याने तो कामावर परत आला.

दुसरी पेटी दिवाळीनंतर आली. ती पलीकडच्या इमारतीत आहे. दर तीन महिन्यांनी एका रविवारी पहिले यंत्र मुद्दाम बंद करून पाहतात आणि एखादी राखीव प्रत खरोखर उघडून बघतात. मागच्या खेपेस हजेरीचे यंत्र नऊ मिनिटांत दुसरीकडे उभे राहिले. पगाराचे काही केल्या उठेना. त्याच्या परवान्याची यूएसबी चावी पहिल्या यंत्राच्या पाठीला खोचलेली होती.