दोन मिनिटं बाहेर!

मैदानाला शिक्षेच्या फेऱ्या कधीच मारल्या नाहीत, असं तुमच्यात कोण आहे? हात वर करा बघू! नाही ना कोणी? वाटलंच मला. उशीर झाला, मार पाच फेऱ्या. रांगेत बडबड केली, मार दहा. आणि पंचांशी हुज्जत घातली तर मग काळोख पडेपर्यंत धावत राहा. मैदानावरचे सर आणि शिक्षेच्या फेऱ्या ही जोडी म्हणजे वडा आणि पाव!

आज मी या फेऱ्यांबद्दलच लिहिणार आहे आणि तेही फेऱ्या मारायला लावणाऱ्याच्या बाजूने. कारण गळ्यात शिटी अडकवून संध्याकाळी मुलामुलींना कबड्डी शिकवणारा मीही त्यातलाच एक. कोणी चुकीचं वागलं की काय करायचं, हा प्रश्न मला रोज पडतो. खरं सांगू? पट कसा काढायचा हे शिकवणं त्या मानाने फार सोपं असतं.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आमच्याकडे एक चढाईपटू होता. बारीक, चपळ, पायात जणू स्प्रिंगच! एका सामन्यात पंचांनी त्याला बाद दिलं आणि हा पठ्ठ्या त्यांना नको ते बोलला. मला इतकी लाज वाटली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सरावाला आल्याआल्या मी सगळ्या संघाला उभं केलं. त्याला सगळ्यांसमोर यथेच्छ झापलं आणि वर फर्मान काढलं, "याच्यामुळे आज सगळ्यांनी वीस फेऱ्या मारायच्या." मुलं निमूटपणे धावली. तोही धावला. मला वाटलं, शाबास, शिस्त लागली!

तिसऱ्या दिवशी तो आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, येईल झक मारत. तो आलाच नाही. आणि मीही त्याच्या घरी गेलो नाही. सरांनी का जायचं, हा माझा ताठा!

बऱ्याच वर्षांनी तो बसस्टॉपवर भेटला. आता चांगला बाप्या झाला होता. ओळख पटली, चहा झाला. धीर करून मी विचारलंच, "का रे, वीस फेऱ्यांना घाबरलास?" तो हसला. म्हणाला, "फेऱ्यांचं काही नव्हतं हो सर. पोरं धावताना माझ्याकडे बघत होती ना, ते नाही सहन झालं."

चहा कडू लागला मला त्या दिवशी. चूक एकाची आणि पाय दुखले बारा जणांचे. मला वाटत होतं मी त्याला शिक्षा करतोय. प्रत्यक्षात मी त्याचे अकरा मित्र तोडत होतो. ज्या संघात तोंड दाखवायची चोरी, त्या संघात कोण येईल?

फेऱ्यांबद्दल माझी आणखी एक तक्रार आहे. धावणं हा खेळाचा जीव. दम वाढवायला धावायचं, पाय मजबूत व्हायला धावायचं. तेच धावणं आपण चुकीचा दंड म्हणून वाटत सुटलो, तर मुलांच्या डोक्यात काय बसणार? की धावणं म्हणजे सजा! मग सरांची पाठ वळली की तीच मुलं चालायला लागतात, यात नवल ते काय? जोर, बैठका यांचंही तेच. गणिताचा तास शिक्षा म्हणून दुप्पट केला, तर गणित आवडेल का कुणाला?

"मग काय, एक ठेवून द्यायची?" असं विचारणारे पालक मला अजूनही भेटतात. त्यांच्याकडे एक हुकमी उदाहरण असतं, रमाकांत आचरेकर सरांचं. शिवाजी पार्कवर किती तरी कसोटीवीर घडवणारे हे सर. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सचिन तेंडुलकर शाळेत असताना सरांनी त्याच्यासाठी एक सराव सामना ठरवला होता. तो सोडून सचिन आपल्याच शाळेच्या मोठ्या मुलांची मॅच बघायला वानखेडेवर गेला. सर तिथे भेटले आणि भयंकर चिडले. थप्पडही बसली, असं सांगतात. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, अशा अर्थाचं सर त्याला बोलले.

आता गंमत बघा. लोकांना या गोष्टीतली थप्पड लक्षात राहते. पण थप्पड तर अनेकांना बसली असेल, सगळे काही सचिन झाले नाहीत! मला या गोष्टीत वेगळंच दिसतं. सरांनी त्या एका पोरासाठी सामना ठरवला होता. हेच सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि नाबाद राहिला तर ते नाणं त्याला द्यायचे. इतका जीव लावणारा माणूस रागावला, म्हणून ते बोलणं आत उतरलं. जीव न लावता नुसती थप्पड उचलणारे सर मीही पाहिलेत. त्यांच्या मैदानावर भीती असते, शिस्त नसते. शिवाय आता काळ बदललाय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली आहे. शाळेचं मैदान काही शाळेबाहेर नसतं!

बरं, मारायचं नाही, फेऱ्या नाहीत, मग करायचं तरी काय? याचं उत्तर खेळानेच कधीचं देऊन ठेवलंय. फक्त आम्हा सरांचं लक्ष नव्हतं.

१९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात पंच होते जर्मन. त्यांनी अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रॅटिनला, बाहेर जायला सांगितलं. पण एकाला दुसऱ्याची भाषा येईना! रॅटिन कितीतरी वेळ मैदानातून हलेचना. या गोंधळावर उपाय शोधत होते केन अ‍ॅस्टन नावाचे इंग्लिश पंच. गाडी चालवताना सिग्नल लागला आणि त्यांची ट्यूब पेटली. पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब! भाषेची गरजच नाही. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ही कार्डं पहिल्यांदा आली. आणि त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही!

मग हा शहाणपणा इतर खेळांतही आला. हॉकीत हिरवं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं की निदान पाच मिनिटं. आपल्या कबड्डीत हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातूनच सुट्टी. बाहेर गेलेल्याच्या जागी राखीव खेळाडू घेता येत नाही, राहिलेल्यांनी किल्ला लढवायचा. क्रिकेट बिचारं सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणून बरीच वर्षं गप्प बसलं होतं. पण २०१७ च्या नव्या नियमांत तिथेही गैरवर्तनासाठी पाच धावांचा दंड आला आणि फारच झालं तर खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची सोयही आली.

या सगळ्यात मला काय आवडतं सांगू? शिक्षा काय आहे, हे आधीच ठाऊक असतं. ती लगेच मिळते. आणि हिरवं-पिवळं असेल तर ती संपतेसुद्धा! दोन मिनिटं झाली की तुम्ही परत आत. कुणी टोमणा मारत नाही, कुणी आईबाबांना चिठ्ठी धाडत नाही.

याचा एक झकास नमुना २०२२ च्या सप्टेंबरमध्ये दिसला. कोईमतूरला दुलीप करंडकाचा अंतिम सामना चालू होता, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. पश्चिमचा कप्तान अजिंक्य रहाणे. वीस वर्षांच्या यशस्वी जयस्वालने त्याच सामन्यात २६५ धावा कुटल्या होत्या. शेवटच्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना तो दक्षिणच्या फलंदाजाला, रवी तेजाला, सारखा डिवचत होता. पंचांनी सांगून झालं, रहाणेने समजावून झालं. तरी गाडी थांबेना. तेव्हा रहाणेने सरळ त्याला मैदानाबाहेर जायला सांगितलं. सामन्याचा हिरो असला म्हणून काय झालं! पश्चिमचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळत राहिला. काही षटकांनंतर यशस्वी परत आला. पश्चिम विभागाने सामना २९४ धावांनी जिंकला आणि सामनावीर कोण ठरला? यशस्वीच! रहाणे काही प्रशिक्षक नव्हता, पण आम्हा शिटीवाल्यांनी त्याच्याकडून धडा घ्यावा.

तर आता आमच्या मैदानावर काय चालतं ते सांगतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलंच नियम करतात आणि पुठ्ठ्यावर लिहितात. तुम्हाला वाटेल, मुलं नियम करणार म्हणजे मज्जाच मजा! छे हो. मुलं महाकडक असतात. उशिरा येणाऱ्याला महिनाभर खेळवू नका, असं एकाने सुचवलं होतं. दुसऱ्याने तर झाडाला उलटं टांगायला सांगितलं! मला वाटाघाटी करून शिक्षा कमी करून घ्याव्या लागल्या. शेवटी एका मुलीने विचारलं, "आणि सर, तुम्ही उशिरा आलात तर?" ठरलं. मी उशिरा आलो की पहिली दहा मिनिटं शिटी कप्तानाच्या गळ्यात. एकदा बस चुकली आणि मी मुकाट बाहेर बसलो. पोरांना कोण आनंद झाला होता!

रागाच्या भरात कोणी ढकललं, शिवी दिली, तर दोन मिनिटं बाहेर. घड्याळ त्याच्याच हातात द्यायचं. वेळ झाली की त्याने स्वतःच आत यायचं. तुम्ही कधी सामना रंगात असताना दोन मिनिटं मोजून बघा. फार लांब असतात ती!

उशिराचं मात्र जपून. एक मुलगा रोज वीस मिनिटं उशिरा यायचा. मी त्याला बाहेर बसवायचो. शेवटी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की त्याच्याकडे पाच वाजता नळाला पाणी येतं आणि घरी भरणारा तो एकटाच. आता तो साडेपाचला येतो आणि नंतर वीस मिनिटं थांबून चढाया करतो. आधी विचारलं असतं तर त्याचे पंधरा दिवस बाहेर बसण्यात गेले नसते.

आणि काही गोष्टी दोन मिनिटांत भागत नाहीत. मागच्या मोसमात आमचा कप्तान एका नव्या, बुटक्या मुलाची चप्पल लपवायचा, त्याला चिडवायचा. सगळे हसायचे, म्हणून मलाही आधी कळलं नाही. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, लहानाला त्रास दिला तर पुढच्या सामन्याचा पहिला डाव बाहेर. आणि पुढचा सामना होता उपांत्य फेरीचा!

त्या रात्री मला झोप लागली नाही. कप्तानाचे वडील भेटायला आले. म्हणाले, "सर, सामना झाल्यावर हवी ती शिक्षा करा, पण उद्या खेळवा." दोन खेळाडूंचे पालकही तेच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. मी कप्तानाला एकट्यालाच बोलावलं आणि विचारलं, "काय करू?" तो खाली बघत म्हणाला, "अक्षर माझंच आहे ना सर पुठ्ठ्यावर."

पहिला डाव तो माझ्या शेजारी बसला. नखं खाऊन संपवली त्याने! दुसऱ्या डावात उतरला आणि जिवाच्या आकांताने खेळला. आम्ही दोन गुणांनी हरलो. परतताना बसमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही. त्याचे वडील पुढे बरेच दिवस मला ओळख देत नव्हते. आपण बरोबर केलं की चूक, हे त्या बसमध्ये मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर जरा लवकरच पोचलो. बघतो तर दोघं माझ्या आधी हजर. कप्तान फक्कीची बादली धरून वाकला होता आणि तो बुटका मुलगा सुतळीचं टोक ताणून पलीकडे उभा होता. मला बघून कप्तान ओरडला, "सर, मधली रेषा तेवढी राहिलीय. याला म्हणावं सुतळी हलवू नकोस!"