गरीबखान्यातून आलेले वडील

नगरच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा पहिला वडील, म्हणजे एल्डर, पदावर जेमतेम दीड महिना टिकला. १८३३ च्या मार्चमध्ये मंडळी स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये पटकीनं त्याला उचललं. नाव बाबाजी रघुनाथ, जात ब्राह्मण. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांच्या पदरी तो पंडित म्हणून राहिला होता, म्हणजे गोऱ्या साहेबांची मराठी सुधारून देणं हे त्याचं काम. १८३१ साली मुंबईतच त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला ठाणं करायला निघाली, तेव्हा तोही घाट चढून आला.

नगरात त्याच्याकडे आलं ते गरीबखान्याचं काम. छावणीतल्या इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीवर हा गरीबखाना चाले. आंधळे, लंगडे, महारोगी, ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलेलं, अशी माणसं तिथं पोटासाठी जमत. बाबाजी त्यांच्यात जाऊन बसे, बोले, शिकवी. चार वर्षांपूर्वी ज्यांची सावली पडली तर त्याला आंघोळ करावी लागली असती, तीच आता त्याची रोजची सोबत होती. १८३२ मध्ये नगरात जे पहिले बाप्तिस्मे झाले ते याच गरीबखान्यातल्या लोकांचे. पुढच्या वर्षी मंडळी उभी राहिली आणि वडील कोण, असा प्रश्न आला, तेव्हा उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

त्याचं चरित्र हॉलिस रीड या मिशनऱ्यानं लिहिलं. १८३६ साली न्यूयॉर्कला दोन खंडांत ते छापून निघालं. एका मराठी माणसाचं आयुष्य अमेरिकेतल्या देणगीदारांनी वाचावं म्हणून लिहिलेलं ते पुस्तक आहे, आणि ते तसंच वाचायला हवं. त्यात बाबाजी जरा जास्तच सोज्वळ दिसतो. गरीबखान्याचा कारभार मात्र खरा वाटतो.

आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या शहरात फिरायला जाणारा माणूस आधी भुईकोट किल्ला बघतो, मग चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर. ह्यूम मेमोरियल चर्च त्याच्या यादीत बहुधा नसतं. ते रॉबर्ट ह्यूम यांच्या नावाचं. ह्यूम भायखळ्याला १८४७ साली जन्मले, अमेरिकेत शिकले आणि १८७४ पासून जवळजवळ अर्धं शतक नगरात राहिले. दुष्काळातल्या कामाबद्दल त्यांना सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. परदेशी नावं अशी इमारतींवर राहतात. वडिलांची नावं राहतात ती मंडळीच्या वह्यांत.

वडील हे पद प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पगाराचं नसतं. उपदेश, बाप्तिस्मा, लग्नं पाळकसाहेबांकडे, आणि मंडळीचा संसार वडिलांकडे. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी सासू-सुनेचं बिनसलंय, अर्पणाच्या पेटीत किती जमलं, कुणाला प्रभुभोजनाला बसू द्यायचं आणि कुणाला काही दिवस थांबवायचं, हे सगळं तेच बघतात. शेवटचं काम सगळ्यांत नावडतं, कारण ज्याला थांबवायचं तो बहुधा नात्यातलाच निघतो.

नगरात या कामाची खरी कसोटी लागली ती १८५४ नंतर. त्या वर्षी हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. दोघेही ब्राह्मण, दोघांनीही तरुणपणी, १८३९ च्या सुमारास, जात सोडलेली. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या नारायण शेषाद्रींना दीक्षा मिळाली तीही १८५४ सालीच. तोवर मराठी मंडळ्यांचे पाळक साहेबलोकच असत. आता मराठी पाळक आले म्हटल्यावर त्यांचा पगार मिशननं द्यायचा की मंडळीनं, हा वाद सुरू झाला आणि तो पुढं कित्येक वर्षं मिटला नाही. ज्या मंडळीतल्या बहुतेकांना रोजची भाकर पुरत नव्हती, तिनं पाळक पोसायचा कसा? हा हिशेब घेऊन दारोदार जायचं कुणी? वडिलांनी.

त्याहून अवघड प्रश्न पंगतीचा. नगरच्या मंडळीत खिस्ते-मोडकांसारखी माणसं मोजकी. नेवासे, राहुरी या भागातल्या खेड्यांतून येणारे बहुतेक सगळे महार आणि मांग. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला सगळ्यांना एकच. हे शिकवणं सोपं होतं, पण पेला एका ओठाकडून दुसऱ्या ओठाकडे जाताना बघणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. महारांनी मांगांबरोबर बसायचं हेही काही आपोआप झालेलं नाही. उतरंडीत प्रत्येकाला कुणीतरी खालचा लागतोच, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ती सवय एका दिवसात जात नाही.

खेड्यांतला वडील आणखी वेगळा. महार हे गावकामगार. तराळकी, सांगावा पोचवणं, शिवेची राखण ही त्यांची वतनी कामं आणि बलुतं हे त्यांचं उत्पन्न. ख्रिस्ती झालेल्याचं बलुतं बंद करायचं, पाणवठा अडवायचा, ही गावाच्या हातातली हत्यारं होती. अशा ठिकाणी मिशनच्या शाळेचा मास्तर हाच बहुधा महारवाड्यातला एकमेव लिहिता हात. रविवारी तोच उपासना चालवी, आणि कागदपत्राची वेळ आली की लोक त्याच्याच ओट्यावर येत. पुस्तकांत या मास्तरांना फार जागा मिळाली नाही. मंडळ्या मात्र त्यांनीच टिकवल्या, असं नगर जिल्ह्याचा इतिहास वाचताना सारखं वाटत राहतं.

कृष्णराव सांगळे यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. बायबलातल्या कथा कीर्तनाच्या चालीवर, वीणा-टाळांच्या साथीनं सांगायची पद्धत त्यांनी रुजवली. उन्हातान्हातून कामावरून आलेला माणूस प्रवचनाला पेंगतो आणि कीर्तनाला जागा राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. नंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला आले आणि मंडळीच्या तोंडी अभंगाची भाषा बसली.

वऱ्हाडातली गोष्ट या सगळ्यापेक्षा निराळी. तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड घ्या. सातपुड्याच्या पायथ्याचं, कपाशीचं आणि पानपिंपरीच्या बागांचं हे बाजाराचं गाव, अकोला-खंडवा या जुन्या मीटरगेजवरचं स्टेशन. या पट्ट्यात मिशन आलं ते नगरहून नव्हे. अल्बर्ट नॉर्टन १८७० च्या दशकात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला येऊन कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. पुढं अकोल्यात मार्क आणि जेनी फुलर हे जोडपं आलं आणि त्यांचं काम अमेरिकेतल्या अलायन्स मिशनशी जोडलं गेलं. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ आलेला छप्पनचा (संवत १९५६ चा) दुष्काळ यांत आईबाप गमावलेल्या पोरांसाठी अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथगृह चाललं.

म्हणून वऱ्हाडी मंडळ्यांत पाळकाला किंवा वडिलांना त्यांचं मूळ गाव विचारलं, तर दोन-तीन पिढ्यांमागं गोष्ट कित्येकदा एखाद्या अनाथगृहाच्या दाराशी येऊन थांबते. सुतारकाम, शिवणकाम शिकून, अनाथगृहातल्याच मुलीशी लग्न करून ही माणसं उभी राहिली. आडनाव आहे पण भावकी नाही. अशा ठिकाणी काका, मामा, आजोबा ही नाती मंडळीनंच पुरवली, आणि बारशापासून मयतीपर्यंत वडीलधाऱ्याच्या जागी मंडळीचा वडील उभा राहिला. बाबाजीच्या गरीबखान्याशी वऱ्हाडाचा धागा जुळतो तो इथं.

सुगीच्या सणाला ही माणसं खऱ्या अर्थानं रंगात येतात. ज्वारीची कणसं, तूर, भोपळा, गावरान अंडी, पाय बांधलेली कोंबडी असं प्रत्येकजण पहिल्या पिकातलं काही आणतो. उपासना झाली की त्याचा लिलाव. एरवी दानपेटीपुढं गंभीर चेहऱ्यानं उभा राहणारा वडील हातात भोपळा उंच धरून बोली चढवतो, पन्नासाचा भोपळा पाचशेला जातो, आणि घेणारा तोच भोपळा परत लिलावाला देतो. पैसे मंडळीच्या खात्यात, हिशेब दुसऱ्या रविवारी.

नगरच्या मंडळ्या आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. सहा वेगवेगळ्या मंडळ्यांच्या एकीकरणातून हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं. जुन्या वडिलांची बरीच कामं आज पास्टोरेट कमिटीकडे आली आहेत. तिची निवडणूक होते, मतं मागितली जातात, रुसवेफुगवे होतात. गावच्या सोसायटीची निवडणूक पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. बायकाही कमिटीत असतात आणि पाळकाची दीक्षाही घेतात. १८३३ मध्ये असा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नसता, जरी नगरात मुलींच्या शाळा चालवणाऱ्या मिस फरार १८६२ पर्यंत, मरेपर्यंत, याच मंडळीच्या लोकांत राबत होत्या आणि त्यांची शाळा पाहायला जोतीराव फुले पुण्याहून येऊन गेले होते.

नगरला गेलाच तर ह्यूम चर्चबरोबर आणखी दोन जागा बघण्यासारख्या आहेत. एक, टिळकांच्या अस्थी जिथं ठेवल्या ती ख्रिस्ती दफनभूमी. दुसरी, १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलेलं अहमदनगर कॉलेज. पडद्यावर वारंवार कृष्ण झालेला आणि १९४० च्या चित्रपटात ज्ञानेश्वरांची भूमिका करणारा शाहू मोडक हा नट नगरच्या ख्रिस्ती समाजातलाच, हे तिथली जुनी माणसं अजून हौसेनं सांगतात.