खाचरातले जस्त

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात लावणी उरकून पंधरा-वीस दिवस होतात आणि एखाद्या खाचरातले रोप जागच्या जागी थबकते. खालच्या पानांवर कथ्थई ठिपके येतात, ते पसरून पान गंजल्यासारखे होते, फुटवे धरत नाहीत. पहिला संशय करप्यावर जातो आणि पंपात मॅन्कोझेब, म्हणजे दुकानातले 'एम-४५', पडते. गंमत अशी की या बुरशीनाशकाच्या रेणूतही जस्त असते, पण जेमतेम अडीच टक्के. त्याने भुकेले पीक सावरत नाही.

उत्तरेतल्या तराईत हेच दुखणे 'खैरा' म्हणून कुप्रसिद्ध होते. पंतनगर कृषी विद्यापीठातले डॉ. य. ल. नेने वनस्पतिरोगांचे अभ्यासक. त्यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की यात जंतू नाही, बुरशी नाही. जस्ताची उणीव आहे. रोगतज्ज्ञाने 'हा रोगच नव्हे' असे सांगावे, यात शास्त्राची खरी प्रतिष्ठा आहे. उपायही स्वस्तातला निघाला: हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट, अडीच किलो चुना, हजार लिटर पाणी. चुना घालायचा तो पान भाजू नये म्हणून.

आपल्याकडे गुंजवणी, कानंद, वेळवंडी, नीरा यांच्या खोऱ्यांत पाऊस धो-धो पडतो आणि उतारावरच्या हलक्या जमिनीतली अन्नद्रव्ये धुऊन नेतो. त्यात चिखलणी करून पाणी कोंडले, की मातीतला प्राणवायू संपतो, आम्ल माती उदासीनतेकडे सरकते आणि आहे ते जस्तही मुळांना विरघळलेल्या रूपात मिळेनासे होते. त्यामुळे वरकस जमिनीवरच्या नाचणीला जे जाणवत नाही, ते खाली खाचरातल्या आंबेमोहोराला जाणवू शकते.

यावर हल्ली 'चिलेटेड झिंक'ची चकचकीत पाकिटे मिळतात. 'सेंद्रिय जस्त' म्हणूनही ती खपवली जातात. इथे जरा थांबायला हवे. कार्बनला थेट जोडलेले जस्त हे फार वेगळे प्रकरण आहे. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला १८४९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग येथे डायएथिल झिंक सापडले. हे रंगहीन द्रव हवा लागताच पेट घेते आणि पाण्यावर तर तुटून पडते. म्हणून ते कोरड्या नायट्रोजनखाली पोलादी सिलिंडरात किंवा हेक्झेनसारख्या द्रावकात पातळ करून पुरवतात. आग लागली तर पाणी मारायचे नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुन्या पुस्तकांच्या कागदातले आम्ल मारण्यासाठी त्याची वाफ वापरायचे ठरवले, तेव्हा 'नासा'च्या गॉडार्ड केंद्रात त्याच्या चाचण्या घेताना १९८५-८६ मध्ये अपघात झाले. असले रसायन कृषी सेवा केंद्राच्या फळीवर असणे शक्यच नाही.

पाकिटातल्या 'झिंक ईडीटीए'मध्ये जस्त कार्बनला नव्हे, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या पकडीत असते. ते निमूट पाण्यात विरघळते, पानांवर चांगले चालते. मात्र आम्ल जमिनीत लोह त्या पकडीतून जस्ताला हुसकावून स्वतः आत शिरते. तांबड्या, लोहयुक्त मातीत ते जमिनीतून देणे म्हणूनच मला पैशांची उधळपट्टी वाटते.

हिशेबही पाहा. खत नियंत्रण आदेशानुसार झिंक ईडीटीएत १२ टक्के जस्त हवे, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटात ६० ग्रॅम. साध्या सप्तजल (हेप्टाहायड्रेट) झिंक सल्फेटमध्ये २१ टक्के, एकजलात (मोनोहायड्रेट) ३३ टक्के. एकरी दहा किलो सप्तजल टाकले, की दोन किलो शंभर ग्रॅम जस्त मातीत जाते आणि त्याचा अंश पुढच्या पिकालाही उरतो. दरवर्षी ओतत राहायची गरज नाही. पिशवीवर टक्केवारी आणि सप्तजल की एकजल ते वाचावे, पावती घ्यावी. या खतात भेसळ करणे सोपे असते.

झिंक सल्फेट डीएपीबरोबर एका घमेल्यात कालवू नये. स्फुरद जस्ताला बांधून टाकतो आणि दोन्ही वाया जातात. भुकटी डोळ्यांत गेली तर इजा गंभीर होते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. धुतलेल्या पंपाचे पाणी ओढ्यात सोडू नये. जस्त माशांना घातक आहे. या तालुक्यांतले ओढे शेवटी भाटघर, पानशेतसारख्या जलाशयांना मिळतात.

राब भाजण्याआधी, माती कोरडी असताना, खाचराचा नमुना तपासायला द्यावा. मृदा आरोग्य पत्रिकेवरच्या बारा नोंदींत जस्ताची एक असते. आकडा ०.६ पीपीएमच्या खाली असेल तरच झिंक सल्फेटची पिशवी घरी आणा.