बाटलीत भात, नळीत बांबू!

निघोजे परिसरातल्या कारखान्यांत गाडी बनवायला हजारो सुटे भाग लागतात. धान्याचं अख्खं रोप मात्र एका पेशीतूनही उभं राहतं. पण गहू, भात, बाजरी ही मंडळी या कामात, म्हणजे टिश्यू कल्चरमध्ये, भलतीच हट्टी!

तणनाशक की टॉनिक? गाजर, तंबाखू प्रयोगशाळेत लवकर वळणावर येतात. तृणधान्याच्या जून पानातली पेशी मात्र ढिम्म. म्हणून दाणा चिकात असतानाच त्यातला कोवळा भ्रूण काढतात आणि त्याला टू-फोर-डी देतात. हो, शेतात रुंद पानांचं तण मारणारं तेच! लिटरला जेमतेम दोन-एक मिलिग्रॅम, की भ्रूणावर पेशींचा गोळा धरतो. त्याला ‘कॅलस’ म्हणतात. टू-फोर-डी कमी केलं की त्यालाच कोंब फुटतात.

धोतऱ्याची कृपा. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून रोपं मिळवली. १९६८ मध्ये जपानमध्ये हेच भातावर जमलं. अशा रोपात गुणसूत्रांचा एकच संच असतो. तो कॉल्चिसीन या रसायनाने दुप्पट केला की एका फटक्यात शुद्ध वाण! आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला घडलेल्या इंद्रायणीसारख्या वाणासाठी मात्र पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागते.

पांढरीफटक रोपं. परागकोशातून आलेली भात-गव्हाची कित्येक रोपं हिरवी होतच नाहीत. हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःचं अन्न नाही. बाटलीतली साखर आहे तोवरच त्यांची मजा.

भाकरीवाली बाजरी. पेशीची भिंत विकरांनी विरघळवून उरलेल्या उघड्या पेशींपासून बाजरीची रोपटी उगवली, ती फ्लोरिडात. १९८० मध्ये हे करून दाखवणारे होते विमला आणि इंद्र वसील.

पुण्याचा घाईतला बांबू. बांबूही गवताच्याच कुळातला, म्हणजे गव्हाचा भाऊबंद. काटेरी बांबू एरवी तीस-चाळीस वर्षांनी फुलतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी त्याला काचेच्या नळीतच फुलवलं, बीही धरवलं. १९९० मध्ये ‘नेचर’ने ते छापलं.

मग टिश्यूचा गहू का मिळत नाही? खायच्या केळीला बी नसतं, म्हणून तिची टिश्यूची रोपं परवडतात. गव्हाचा दाणा हेच बी आणि एकरी रोपं लागतात लाखोंनी. त्यामुळे बाटलीत घडतो फक्त नवा वाण. पेरणीला पोतंच बरं!