‘आजी, बसा, पडाल’ म्हणू नका. वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांना उठबस करू द्या

धाराशिव : पोरं पुण्याला नाहीतर ऊसतोडीला, म्हातारी माणसं वृद्धाश्रमात. तिथं जेवण, गोळ्या वेळेवर मिळतात. पण पडतील या भीतीनं कितीतरी जणांना दिवसभर बसवून ठेवलं जातं. गडबड इथंच होते. वापर नसला की मांड्यांची ताकद जाते, तोल जातो, आणि एकदा खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय, की 65 वर्षांपुढच्यांनी आठवड्यातून किमान 3 दिवस ताकद आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. नुसतं अंगणात फेऱ्या मारणं पुरत नाही बरं का.

सगळ्यात कामाची उठबस. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. पाय जमिनीवर घट्ट, थोडं पुढं वाकून उठायचं, सावकाश बसायचं. आधी हाताचा आधार घेतला तरी चालतो. 5 वेळा जमलं की हळूहळू 10 वर न्या. आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास कोंडत नाही. मग कठडा धरून टाचा वर-खाली करा. तोलासाठी कठड्याशेजारीच एका पावलापुढं दुसरं पाऊल टेकवत चाला. शेजारी कुणीतरी उभं पाहिजेच. लुगड्याचा, धोतराचा सोगा आधी वर खोचा.

चक्कर आली, छातीत दुखलं तर लगेच थांबा. ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. वृद्धाश्रमाची माहिती किंवा मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाईन मोफत आहे.